प्रोसेस हाऊस आणि चप्पल-बूट कारखान्यातल्या घातक रसायनांची नोंद: ड्रमच्या लेबलपासून खरेदीदाराच्या फॉर्मपर्यंत

‘केमिकल इन्व्हेंटरी लिस्ट पाठवा’ असा खरेदीदाराचा मेल आला की इचलकरंजी, सोलापूर, भिवंडीच्या बऱ्याच प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे कापड धुऊन-रंगवून देणाऱ्या कारखान्यांत, एकच धावपळ सुरू होते. अकाउंट्समधून वर्षभराच्या खरेदीची यादी निघते, स्टोअरकीपर त्यातले रंग आणि ऑक्झिलरी (रंगाई-धुलाईला मदत करणारी बाकीची रसायनं) वेगळे काढतो आणि रात्रीतून एक्सेल भरून रवाना होते. ती यादी चुकीचीच असते. तिच्यात बिलाशिवाय आलेले सॅम्पलचे डबे नसतात, डाग काढायचं सॉल्व्हंट नसतं, लूमचं तेल नसतं. जी नावं असतात ती डीलरने दिलेली असतात, माल बनवणाऱ्याची नसतात. सहा महिन्यांनी सांडपाण्याच्या नमुन्यात एखादं प्रतिबंधित रसायन सापडतं, आणि ते कुठल्या ड्रममधून आलं हे अख्ख्या कारखान्यात कुणालाही सांगता येत नाही.

हे काम अवघड नाही, पण क्रमाने करावं लागतं. आधी फ्लोअर, मग लेबल, मग एसडीएस (रसायनाची सुरक्षा-माहिती शीट), आणि फॉर्म सगळ्यात शेवटी. बहुतेक ठिकाणी हे उलट होतं.

तयारी: तीन माणसं आणि दोन याद्या

डाइंग मास्टर, स्टोअरकीपर आणि ईटीपी (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणा) ऑपरेटर हे तिघं या कामात हवेतच. कुठल्या रसायनाचं काय काम आहे हे मास्टरला माहीत असतं, किती आलं ते स्टोअरकीपरला, आणि शेवटी काय वाहून आलं ते ईटीपीवाल्याला. बाहेरून सल्लागार आणला तरी हे तिघं नसतील तर त्याच्या हाती कागदच लागतात.

खरेदीदार कोणती यादी मागतो आहे हे आधी लेखी विचारून घ्या. एमआरएसएल आणि आरएसएल या प्रतिबंधित रसायनांच्या दोन याद्यांची सतत गल्लत होते. आरएसएल तयार मालासाठी असते: कापडावर किंवा चपलेत अमुक रसायन अमुक प्रमाणापेक्षा जास्त नको. एमआरएसएल कारखान्यात शिरणाऱ्या रसायनांसाठी असते. हा फरक नोनिलफिनॉल इथॉक्सिलेट, म्हणजे एनपीईच्या उदाहरणाने चटकन कळतो. रंगवण्याआधी कापड धुवायच्या रसायनात, म्हणजे स्कावरिंग एजंटमध्ये, एनपीई असेल तर धुलाईत त्यातलं बरंचसं निघून जातं, कापड टेस्टमध्ये पास होऊ शकतं, पण तेच पाणी नाल्यातून पंचगंगेला मिळतं. तिथे त्याचं विघटन होऊन नोनिलफिनॉल तयार होतं आणि ते माशांच्या संप्रेरकांत ढवळाढवळ करतं. म्हणून ‘आमचं कापड लॅबमध्ये पास आहे’ हे एमआरएसएलच्या प्रश्नाचं उत्तर होत नाही.

बहुतेक मोठे ब्रँड झेडडीएचसी (झिरो डिस्चार्ज ऑफ हॅझार्डस केमिकल्स) या संस्थेची एमआरएसएल वापरतात. खरेदीदार कोणत्या आवृत्तीवर काम करतो ते लिहून घ्या. जुन्या आवृत्तीवरची पत्रं नव्या आवृत्तीला चालतीलच असं नाही.

टप्पा १: गेटपासून ईटीपीपर्यंत चालत मोजणी

वही, पेन आणि कॅमेऱ्याचा फोन घ्या. स्टोअरपासून सुरुवात करू नका. तिथलं सगळं आधीच नीट रचलेलं असतं. कलर किचनपासून सुरू करा. कलर किचनच्या कोपऱ्यात नेहमी एक कापलेला कॅन असतो, वर मार्करने ‘सॉफ्टनर’ लिहिलेलं, तेही पाणी उडून अर्धं पुसलेलं. यादीतली पहिली गळती तिथेच असते, कारण तो कॅन कुठल्या ड्रममधून भरला हे भरणाऱ्यालाच ठाऊक असतं.

या जागा हटकून राहून जातात:

- फोल्डिंग आणि चेकिंग टेबलावरचे डाग काढायचे स्प्रे. ट्रायक्लोरोएथिलीनसारखी क्लोरिनयुक्त सॉल्व्हंट इथेच सापडतात.
- मेंटेनन्सचं कपाट: ग्रीस, लूम ऑइल, गंज काढायचं द्रावण, मशीन धुवायचं केमिकल.
- लॅबमधल्या सॅम्पलच्या बाटल्या.
- बॉयलरचं आणि ईटीपीचं केमिकल. ‘हे कापडावर लागत नाही’ म्हणून सोडलं जातं.
- सायझिंग आणि प्रिंटिंगमधले प्रिझर्व्हेटिव्ह. खळ आणि थिकनर सडू नये म्हणून ते टाकतात.
- जॉबवर्कमध्ये पार्टीने स्वतः आणून दिलेले रंग. बिल तुमच्या नावावर नसलं तरी वापर तुमच्या छताखाली झाला आहे.

मीठ, सोडा अ‍ॅश, कॉस्टिक, अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, हायड्रो (सोडियम हायड्रोसल्फाइट) हेही लिहा. ‘हे तर साधं आहे’ म्हणून वगळलेल्या रसायनाचाच वापर किलोत सगळ्यात मोठा असतो.

प्रत्येक डब्यासाठी एक ओळ: लेबलवर आहे तसंच पूर्ण नाव, बनवणारी कंपनी, लॉट नंबर, उत्पादन व मुदतीची तारीख, शिल्लक वजन, जागा आणि कोणत्या प्रक्रियेत वापर. लेबलचा फोटो काढाच. महिन्याभराने वाद होतो तेव्हा फोटोच कामाला येतो.

*सावधान:* लेबल नसलेला डबा वास घेऊन किंवा बोट बुडवून ओळखायचा नाही. त्यावर ‘ओळख नाही, वापर बंद’ अशी चिठ्ठी लावा, वेगळा ठेवा आणि यादीत तसाच लिहा. लपवलेल्या डब्यापेक्षा ‘ओळख नाही’ असा लिहिलेला डबा ऑडिटमध्ये केव्हाही बरा.

*तपासा:* मोजणीत नसलेल्या माणसाला फ्लोअरवरचे कुठलेही दहा डबे निवडून यादीत शोधायला सांगा. मग यादीतल्या दहा ओळी घेऊन ते डबे फ्लोअरवर शोधायला सांगा. एका दिशेने जुळतं आणि दुसऱ्या दिशेने जुळत नाही, असं हमखास होतं. दोन्हीकडून जुळेपर्यंत पुढे जाऊ नका.

टप्पा २: माल नक्की कुणाचा

या टप्प्यावर सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि तो द्यायलाच हवा. आपल्याकडे डीलर मोठ्या पॅकमधला माल लहान कॅनमध्ये भरतो आणि स्वतःच्या नावाचं लेबल लावतो. झेडडीएचसीच्या गेटवे या पोर्टलवर नोंद असते ती माल बनवणाऱ्याच्या नावाने आणि त्याच्याच उत्पादन-नावाने. तुमच्या यादीत डीलरचं नाव असेल तर आतला माल कितीही चांगला असो, तो जुळत नाही.

डीलरकडून दोन गोष्टी लेखी घ्या: मूळ उत्पादकाचं नाव आणि मूळ उत्पादन-नाव. त्याने टाळाटाळ केली तर पुढची ऑर्डर सीलबंद मूळ पॅकमध्येच द्या असं सांगा. किलोमागे थोडे पैसे वाचतात म्हणून लूज माल घेत राहिलात तर पुढचे सगळे टप्पे वाया जातात.

रंगांच्या बाबतीत सी.आय. नाव (कलर इंडेक्समधलं रंगाचं सार्वत्रिक नाव) पुरेसं धरू नका. ‘सी.आय. रिअ‍ॅक्टिव्ह ब्लॅक ५’ अनेक कंपन्या बनवतात. रेणू तोच, पण अशुद्धी प्रत्येकाच्या वेगळ्या. दोन कंपन्यांचा ब्लॅक असेल तर यादीत दोन ओळी. नावातली शेवटची अक्षरं आणि आकडेही जसेच्या तसे लिहा. ‘एचई’ आणि ‘एमई’ हे वेगळे रंग आहेत.

टप्पा ३: एसडीएस मिळवा आणि खरोखर वाचा

प्रत्येक ओळीला एक एसडीएस, म्हणजे सेफ्टी डेटा शीट. ती सोळा विभागांची असते. पुरवठादार पुष्कळदा टीडीएस (टेक्निकल डेटा शीट) पाठवतो, ज्यात मात्रा, पीएच आणि वापरायची पद्धत असते. तो माहितीचा कागद आहे, सुरक्षेचा नाही, परत पाठवा. दुसऱ्या कंपनीची शीट इंटरनेटवरून उतरवून फाइलला लावणं तर सरळ खोटी नोंद आहे.

शीट हातात आली की हे विभाग पाहा: पहिल्यात नाव लेबलशी अक्षरशः जुळतं का, दुसऱ्यात धोक्याचं वर्गीकरण, तिसऱ्यात घटक आणि त्यांचे सीएएस नंबर (प्रत्येक रसायनाचा जागतिक ओळख क्रमांक), आठव्यात हातमोजे, चष्मा, मास्क नक्की कोणता, सोळाव्यात शीट कधी सुधारली.

सीएएस नंबर टाइप करताना चुकतात, आणि एक आकडा चुकला की भलतंच रसायन तपासलं जातं. पडताळणी सोपी आहे, कारण शेवटचा आकडा हा तपासणीचाच असतो. डायमिथाइलफॉर्मामाइडचा नंबर ६८-१२-२ घ्या. शेवटचा २ बाजूला ठेवा. उरलेले आकडे उजवीकडून डावीकडे १, २, ३, ४ ने गुणा: २×१, १×२, ८×३, ६×४. बेरीज ५२. बेरजेतला एकं स्थानचा आकडा २, म्हणजे नंबर बरोबर. एक्सेलमध्ये हे सूत्र एकदा बसवलं की सगळ्या यादीला लागू होतं.

*सावधान:* एसडीएस हे एमआरएसएलचं प्रमाणपत्र नाही. तिसऱ्या विभागात वर्गीकृत घटक ठरावीक टक्केवारीच्या वर असतील तरच लिहावे लागतात. कर्करोगकारक घटकांसाठीही ही रेषा सहसा ०.१ टक्का असते. ०.१ टक्का म्हणजे १००० पीपीएम, आणि एमआरएसएलमधल्या अनेक मर्यादा त्याहून कितीतरी खाली आहेत. शीटमध्ये दिसत नाही म्हणून मालात नाही, असा निष्कर्ष काढू नका.

टप्पा ४: चाळणी लावा

सगळी यादी एकसारख्या बारकाईने तपासत बसलात तर कधीच संपणार नाही. जिथे धोका वसतो तिथे आधी जा.

एनपीई (सीएएस ९०१६-४५-९ आणि त्याचे भाऊबंद) वेटिंग एजंट, स्कावरिंग एजंट, सिलिकॉन इमल्शन आणि तेलांत शोधा. युरोपात धुतल्या जाणाऱ्या कापडात ३ फेब्रुवारी २०२१ पासून त्याची मर्यादा वजनाच्या ०.०१ टक्का आहे. फॉर्मल्डिहाइड (५०-००-०) फिक्सर आणि क्रीज न पडण्याच्या रेझिनमध्ये असतं. युरोपात कपडे आणि पादत्राणांसाठी मर्यादा किलोमागे ७५ मिलिग्रॅम. काही अ‍ॅझो रंग तुटून घातक अमाइन्स सोडतात. युरोपात तयार कापडात अशा अमाइन्सची किलोमागे ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, आणि भारतातही अशा रंगांवर १९९० च्या दशकापासून बंदी आहे. पॉलिएस्टर रंगवताना कॅरिअर (रंग धाग्यात शिरायला मदत करणारं रसायन) वापरत असाल तर क्लोरोबेंझीन आणि क्लोरोटोल्युइन विचारा. खळ, थिकनर आणि चामड्याच्या प्रिझर्व्हेटिव्हमध्ये पेंटाक्लोरोफिनॉल.

वॉटर रिपेलंट फिनिशकडे विशेष लक्ष द्या. त्यातली फ्लोरिनयुक्त रसायनं, म्हणजे पीएफएएस, निसर्गात जवळजवळ तुटतच नाहीत. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून मुद्दाम पीएफएएस घातलेल्या, किंवा एकूण सेंद्रिय फ्लोरिन १०० पीपीएम वा अधिक असलेल्या नव्या कपड्यांची विक्री बंद केली. १ जानेवारी २०२७ पासून ती रेषा ५० पीपीएम होते. ‘सी-६ आहे, जुनं सी-८ नाही’ हे पुरवठादाराचं जुनं उत्तर इथे चालत नाही. सी-६ म्हणजे फक्त आखूड कार्बन साखळी, तेही पीएफएएसच आहे.

मग प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक शेरा: *वापरा*, *कागद मागवा*, *थांबवा*. ‘वापरा’ लिहायला आधार हवा, जसं गेटवेवरची एमआरएसएल पातळी १, २ किंवा ३ (३ मध्ये तपासणी सगळ्यात खोल), किंवा खरेदीदार मान्य करतो असं प्रमाणपत्र. पुरवठादाराला पत्र लिहिताना मोघम विचारू नका. उत्पादनाचं पूर्ण नाव, एमआरएसएलची आवृत्ती आणि हवी असलेली पातळी लिहा. ‘आमचा माल इको-फ्रेंडली आहे’ असं लेटरहेडवरचं उत्तर आलं तर शेरा ‘कागद मागवा’ हाच ठेवा.

*थांबवा* लिहिलेला माल त्याच दिवशी स्टोअरमध्ये वेगळ्या कुलपाखाली जायला हवा. ‘एवढा ड्रम संपवू आणि मग बंद करू’ हे मी सगळ्यात जास्त ऐकतो. तो एक ड्रम अनेक लॉटमध्ये पसरतो आणि मग परत बोलावता येत नाही.

टप्पा ५: खरेदीचं दार आणि स्टोअर

यादी एकदा साफ केली तरी खरेदीचं दार उघडं असेल तर दोन महिन्यांत पुन्हा घाण होते. नियम एकच: शेरा ‘वापरा’ नसेल तर पीओ (खरेदीची ऑर्डर) निघत नाही, आणि सॅम्पलसुद्धा गेटवर लिहिल्याशिवाय आत येत नाही.

स्टोअरमध्ये हायड्रो कोरड्या जागी आणि जमिनीपासून उंच ठेवा. ओल लागली की ते तापतं, पेटतं आणि सल्फर डायऑक्साइड सोडतं. अ‍ॅसिड आणि हायपोक्लोराइट शेजारी नको. सांडून एकत्र आले तर क्लोरिन वायू होतो. लहान कॅनवर नाव, धोक्याचं चिन्ह आणि सूचना मराठीत लावा. रात्रपाळीला हिंदी किंवा कन्नड बोलणारे कामगार असतील तर त्या भाषेतही.

रिकामी पिंपं भंगारवाल्याला देऊ नका. २०१६ च्या घातक कचरा नियमांत दूषित रिकामी भांडी घातक कचऱ्यात मोडतात. असं निळं पिंप कुणाच्या तरी घरी पिण्याच्या पाण्यासाठी जातं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. ते आपल्या गेटमधून जाता कामा नये.

टप्पा ६: महिन्याचा ताळेबंद

सुरुवातीची शिल्लक अधिक खरेदी वजा शेवटची शिल्लक, म्हणजे वापर. हा आकडा इश्यू स्लिपांच्या बेरजेशी जुळवा. समजा हायड्रोची सुरुवातीची शिल्लक ४०० किलो, खरेदी १,०००, शेवटची शिल्लक २५०. वापर १,१५० किलो. स्लिपांची बेरीज १,०२० निघाली तर १३० किलो नोंदीबाहेर गेले आहेत. कारणं साधी असतात: रात्रपाळीत स्लिप फाडली नाही, रिडाइंगला जास्त लागलं, मशीन धुवायला वापरलं. कारण शोधून त्या ओळीपुढे लिहा. आकडे ओढूनताणून जुळवू नका. ऑडिटर तंतोतंत जुळलेल्या ताळेबंदाकडेच जास्त संशयाने पाहतो, आणि त्याचं बरोबर आहे.

झेडडीएचसीचा इनचेक रिपोर्ट याच मासिक आकड्यांवर बनतो. संख्येने आणि वजनाने किती रसायनं जुळतात ते त्यात कळतं. वजनाचा आकडा चांगला आणि संख्येचा वाईट असेल, तर लहान लहान डब्यांत गडबड आहे असं समजा.

टप्पा ७: पादत्राणांसाठी वेगळं काय

चप्पल-बुटात रसायनं तुमच्याकडे ड्रममधूनही येतात आणि तयार भागांतूनही. गोंद, प्रायमर, सोल धुवायचं सॉल्व्हंट यांची नोंद वरच्याच पद्धतीने. गोंदात टोल्युइन आणि हेक्झेन पाहा. हेक्झेनच्या वाफेत रोज काम केलं की हातापायांच्या नसा निकामी होतात, म्हणून इथे आठवा विभाग आधी वाचा आणि खेळती हवा आधी करा.

तयार भागांच्या बाबतीत मोठी चूक होते ती टक्केवारी काढताना. युरोपच्या रीच या रसायनांच्या कायद्यात यादीतलं अतिचिंतेचं रसायन, म्हणजे एसव्हीएचसी, ०.१ टक्क्याच्या वर असेल तर पुढच्या खरेदीदाराला सांगावं लागतं, आणि ग्राहकाने विचारलं तर ४५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. हा ०.१ टक्का प्रत्येक भागावर मोजायचा, असा निकाल युरोपीय न्यायालयाने सप्टेंबर २०१५ मध्ये दिला. ३०० ग्रॅमच्या सँडलला १० ग्रॅमचा पीव्हीसी पट्टा आहे आणि त्यात ०.१ ग्रॅम डीईएचपी (प्लास्टिक मऊ करणारं, एसव्हीएचसी यादीतलं रसायन) आहे असं धरा. अख्ख्या सँडलवर भागलं तर ०.०३३ टक्का, म्हणजे ‘सांगायची गरज नाही’. पट्ट्यावर भागलं तर १ टक्का, रेषेच्या दहापट. पट्टा, सोल, बक्कल, शिलाईचा दोरा: प्रत्येकाची वेगळी ओळ. (डीईएचपीवर युरोपात याशिवाय वेगळा निर्बंधही आहे, सांगितलं म्हणून ते विकता येतं असं नाही.)

क्रोम टॅन केलेल्या चामड्यात क्रोमियम सहाची मर्यादा किलोमागे ३ मिलिग्रॅम आहे. टॅनिंगला क्रोमियम तीन वापरतात, पण जास्त उष्णता, अल्कलीकडे झुकलेला पीएच आणि असंपृक्त तेलं यांमुळे त्याचं सहा होऊ शकतं. टॅनरीत पास झालेलं चामडं समुद्रमार्गे कंटेनरच्या उष्णतेत गेल्यावर नापास होतं ते यामुळेच. एजिंग करून, म्हणजे चामडं आधी मुद्दाम उष्णतेत ठेवून, घेतलेला आयएसओ १७०७५ चा रिपोर्ट मागा. बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेल्या कोल्हापुरी चपलेत टॅनिंगचा क्रोमचा प्रश्न येत नाही. तिथे गोंद, रंग आणि पॉलिश तपासा, आणि अस्तर बाहेरून क्रोम चामड्याचं आलेलं नाही ना, हे पाहा.

टप्पा ८: पाण्याला विचारा

ईटीपीत प्रक्रिया होण्याआधीच्या कच्च्या सांडपाण्याचा नमुना ही तुमच्या यादीची खरी परीक्षा आहे. सीईटीपीला, म्हणजे सामायिक ईटीपीला, पाणी देणाऱ्या युनिटलाही हे लागू आहे. झेडडीएचसीच्या वेळापत्रकात वर्षाला दोन चाचण्या, ३० एप्रिल आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत. नमुना लॅबच्या माणसाने घ्यायचा, आणि नेहमीचं उत्पादन चालू असताना. त्या दिवशी फक्त पांढरा माल चालवला तर रिपोर्ट छान येईल आणि त्याचा उपयोग शून्य.

रिपोर्टमध्ये काही सापडलं तर चाळणीच्या टप्प्यावर परत जा: हे रसायन कोणत्या प्रकारच्या मालात असतं, नमुन्याच्या दिवशी त्या प्रकारचे कोणते लॉट चालले, ते कोणत्या ड्रममधून. लॉट नंबर लिहिले असतील तर शोध एका दुपारी संपतो. तेवढ्यात सापडलं नाही तर बोअरच्या येणाऱ्या पाण्याचाही नमुना द्या; दूषण तिथूनही येतं.

टप्पा ९: कुणाला काय सांगायचं

खरेदीदाराला यादी, इनचेक आणि सांडपाण्याचा रिपोर्ट. शेडची रेसिपी मागितली तर देण्याची गरज नसते. कोणतं रसायन किती वापरलं हे सांगणं आणि रेसिपी सांगणं यांत फरक आहे, तो सभ्यपणे सांगा. प्रदूषण नियंत्रण मंडळाला घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण, फॉर्म ४, ३० जूनपर्यंत. त्यातला स्लजचा (ईटीपीतल्या गाळाचा) आकडा आणि खरेदीदाराला दिलेला आकडा एकच हवा. दोन ठिकाणी दोन आकडे हे मोठ्या अडचणीचं कारण होतं. कामगारांना त्यांच्या जागी, त्यांच्या भाषेत. अग्निशमन दलासाठी गेटवर नकाशा: कुठे काय आणि किती.

आणि चूक पाठवल्यानंतर लक्षात आली तर? जुनी फाइल पुसून नवी ठेवू नका. नवी आवृत्ती काढा, तारीख घाला, काय बदललं आणि का ते दोन ओळींत लिहा आणि खरेदीदाराला स्वतःहून पाठवा. त्यासोबत तीन गोष्टी हव्यात: त्या मालातून कोणते लॉट गेले, उरलेला माल कुठे कुलपात आहे, आणि त्याऐवजी कोणतं उत्पादन कधीपासून चालू झालं. लॉटची यादी तयार नसेल तर बाकीच्या दोन गोष्टी आजच पाठवा आणि लॉटच्या यादीची तारीख कळवा.